फोर बाय फोर सांगून टू व्हील ड्राइव्ह पिकअप गळ्यात मारली, २,४१,६०० रुपये गेले. गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका

दोन महिने कुणाला बोललो नव्हतो, घरी पण अर्धंच सांगितलंय. पण परवा आमच्या बिल्डिंगमधला मुलगा त्याच यार्डात गाडी बघून आला आणि म्हणाला "काका, फोर बाय फोर आहे, स्वस्तात देतोय", तेव्हा मात्र राहवलं नाही.

मी भांडुपला राहतो, आंब्याची बाग राजापूर तालुक्यात, मोठे भाऊ बघतात. सीझनला पेट्या मीच मुंबईला आणतो, थोड्या वाशीला, बाकीच्या सोसायट्यांमधून. बागेतला शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा चढ आहे, एक सर पडली की साधी पिकअप वर चढतच नाही, म्हणून फोर बाय फोर हवी होती, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारी; टू व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये ती फक्त मागच्या दोन चाकांना जाते. शौक म्हणून नाही घेतली, हे आधीच सांगतो.

एप्रिलमध्ये पूर्व उपनगरातल्या एका यार्डात गाडी मिळाली, डबल केबिन, पिवळी पाटी. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कंपनीचा यात दोष नाही, तेच मॉडेल दोन्हीत येतं. बोलेरो कॅम्पर, व्ही-क्रॉस, स्कॉर्पिओ गेटअवे, सगळ्या दोन्हीत निघाल्यात आणि बाहेरून बघून फरक कळतच नाही, फार तर एक स्टिकर. बाकी यार्डात याच वर्षाची टू व्हील ड्राइव्ह ८,१०,००० ला होती, याने ९,८५,००० सांगितले, म्हणजे फोर बाय फोरचे १,७५,००० जास्त. मला योग्यच वाटले. वर कागदपत्र आणि ट्रान्सफरचे १६,०००. टोकन ५०,००० त्याच दिवशी दिलं आणि चूक तिथेच झाली, कारण टोकन गेलं की माणूस गाडीत खोट शोधायची सोडतो.

आता जे रात्री झोपू देत नाही ते सांगतो. ट्रायल. विक्रोळीला हायवेच्या सर्व्हिस रोडवर गाडी चालवत होतो, ३० च्या आसपास स्पीड. एजंट बाजूला बसून म्हणाला "शेठ, नॉब फिरवून बघा". डॅशबोर्डवर गोल नॉब, टू एच म्हणजे फक्त मागची चाकं, फोर एच म्हणजे चारही, फोर एल म्हणजे चारही पण सावकाश आणि जास्त ताकदीने. मी फोर एच केला, हिरवा दिवा लागला. मग त्यानेच हात पुढे करून फोर एल केला आणि दिवा झटकन लागला. चालत्या गाडीत! फोर एल चालत्या गाडीत पडतच नाही, गाडी थांबवावी लागते, न्यूट्रल करावं लागतं, मग आत गिअर पडल्याचा आवाज येतो, तोवर दिवा लुकलुकतो. आणि फोर एल पडल्यावर गाडी बैलगाडीच्या चालीने चालते, इंजिन बोंबलतं, ताकद वाढते पण स्पीड मिळत नाही. माझी गाडी त्याच ३० ला, त्याच आवाजात मजेत चालली होती.

तिथेही सुटलो असतो, पण पुढे फ्लायओव्हरखाली त्याने फोर एच ठेवायला लावून पूर्ण स्टीअरिंग कापून यू टर्न मारायला सांगितला. कोरडा काँक्रीटचा रस्ता. गाडी लोण्यासारखी वळली. तो म्हणाला "बघा किती स्मूथ" आणि मला आनंद झाला. आनंद झाला मला! पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडतात त्यात, पुढची आणि मागची जोडी एकत्र जखडली जाते, मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा, नसतं. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान, तो फरक जिरायला जागाच नाही, म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी अडखळते, स्टीअरिंग जड होतं, टायर घासतात, कुणीतरी मागून ब्रेक धरल्यासारखं वाटतं. म्हणजे ती स्मूथ वळली हाच पुरावा होता की पुढच्या चाकांना काही जोडलेलंच नाही. फुल टाइमवाल्यात मधलं डिफरन्शियल असतं, ती वळेल, पण आपल्याकडच्या पिकअप बहुतेक पार्ट टाइम. मी २२ वर्षं गाडी चालवतोय पण आजवर सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, फोर बाय फोरला हात लावला नव्हता, मग अडखळायला पाहिजे हे मला कुठून कळणार? गॅरेजवाला सोबत न्यायला हवा होता हे मान्य, पण माझा नेहमीचा गावाला गेला होता आणि एजंट म्हणत होता संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.

वरून डिफ लॉक, म्हणजे डिफरन्शियल जखडणारा लॉक. हे मीच मागितलं, कारण एवढं मला माहीत होतं. साधं ओपन डिफरन्शियल ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरवत बसतं, त्यामुळे खरी फोर बाय फोर असली तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक चिखलात गेलं की गाडी तिथेच. लिमिटेड स्लिपमध्ये आत क्लच प्लेट असतात, थोडी ताकद दुसऱ्या चाकाला जाते, पूर्ण लॉकमध्ये दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. हायलक्समध्ये त्याचं बटण असतं. एजंट म्हणाला "बटणाची कटकट नको, ऑटोमॅटिक लॉकर टाकून देतो, चाक स्लिप झालं की आपोआप लॉक", ३८,५०० रुपये, साध्या कागदावर हाताने लिहिलेलं बिल. असे मेकॅनिकल लॉकर खरंच येतात हो, महिंद्राच्या थारमध्ये पण आहे, म्हणूनच खरं वाटलं. मी म्हटलं जॅकवर चढवून दाखव, मागची दोन्ही चाकं उचलून न्यूट्रलमध्ये एक हाताने फिरवलं आणि दुसरं उलटं फिरलं तर ओपन, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप किंवा लॉक. तर म्हणतो "हा स्पीडवर लॉक होतो, हाताने कळणार नाही". ही गोष्ट खरी आहे, आणि खऱ्या गोष्टीआडच त्याने खोटं लपवलं. म्हणून सांगतो, लॉकर बाहेरून बसवून घेणार असाल तर हाऊसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं कवच, उघडताना समोर उभे राहा, पार्टचा बॉक्स आणि जीएसटीचं बिल हातात घ्या, नाहीतर एक रुपया देऊ नका.

२८ मे. वळवाची सर येऊन गेलेली, हौद्यात ६२ पेट्या, बागेतून उतरून मधल्या छोट्या चढावर गाडी रुतली. फोर एल केलं, हिरवा दिवा लागला. मागचं डावं चाक गरागरा फिरतंय, उजवं जागचं हलत नाही. पुतण्या पुढे बसून बघत होता, म्हणाला "काका, पुढची दोन्ही चाकं गप्प उभी आहेत". मी उतरलो. पुढच्या चाकावर आंब्याचं एक वाळकं पान चिकटलं होतं, मी परत आत जाऊन ॲक्सिलरेटर दिला तरी ते पान होतं तिथेच. भाऊ काही बोलले नाहीत, ट्रॅक्टर आणायला गेले. ट्रॅक्टरचे २,५००. माल दुसऱ्या दिवशी पोचला, पेटीमागे ४०० कमी मिळाले, म्हणजे २४,८०० गेले.

कुर्ल्याला एका चाचांच्या गॅरेजात पिटवर घेतली, ८०० रुपये. चाचांनी बॅटरी मारली आणि म्हणाले "भाई, इसमें तो आगे का जॉइंट ही नहीं है". जॉइंट म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा गाडीखालचा लांब दांडा. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारा डबा, नाही, तिथून पुढे जाणारा जॉइंट नाही, पुढे डिफरन्शियलचा गोळा नाही, चाकांना जाणारे ॲक्सल नाहीत. मागच्या हाऊसिंगच्या बोल्टवर जुनी मातीची खपली तशीच, म्हणजे पाना लागलेलाच नाही. नॉब काढला तर मागे चार वायरी, दिवे लावायला, बस. फोर बाय फोरला गाडीखाली दोन जॉइंट दिसतात, एक मागे जाणारा, एक पुढे. दहा सेकंदांचं काम आहे. यार्डात गाड्या एकमेकींना खेटून लावलेल्या, वाकायला जागा नव्हती, आता कळतंय मुद्दामच लावतात तशा.

आणि इन्शुरन्स पॉलिसी चार दिवस माझ्या व्हॉट्सॲपवर पडून होती. व्हेरियंटच्या रकान्यात सरळ टू डब्ल्यूडी, म्हणजे टू व्हील ड्राइव्ह, छापलेलं. मी फक्त तारीख बघितली. पॉलिसी वाचा, पूर्ण वाचा. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, कोणतं व्हेरियंट ते सांगतात.

यार्डवाला म्हणतो "तुम्ही बघून घेतली ना, जशी आहे तशी विकली". पोलिसांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा हद्द आमची नाही, तिसऱ्यांदा "हे दिवाणी आहे, कोर्टात जा". अहो खोटा नॉब बसवून पैसे घेतले, हे दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ कशाला आहे मग? शेवटी नुसता अर्ज घेऊन शिक्का मारला. आरटीओत म्हणाले आम्ही कागद ट्रान्सफर करतो, गाडीत काय बसवलंय ते बघणं आमचं काम नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, या यार्डाकडे आहे का एवढंच विचारलं, तर लेखी अर्ज द्या. दिला. उत्तर नाही. मग म्हणे दुसऱ्या खिडकीवर विचारा, ती खिडकी जेवायला बंद. असे चार दिवस धंदा बुडवून मी या खिडक्यांपुढे उभा होतो आणि तो तिकडे गाड्या विकतोय! ग्राहक आयोगात तक्रार द्यायला गेलो तर बाहेरचा एक वकील म्हणाला पिवळी पाटी म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही. ते चूक आहे, पोट भरायला स्वतःच चालवत असाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक धरतात, त्याचं ऐकून घरी बसू नका. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, मी मोजलेल्या दहा लाखांवरच्या रकमेला फी ४०० रुपये, मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली तर नंबर मिळाला, तेवढाच एक कागद आत्तापर्यंत माझ्या बाजूने आहे.

हिशोब: १,७५,००० आणि ३८,५०० फसवून घेतलेले, २,५०० ट्रॅक्टर, २४,८०० मालाचे, ८०० पिटचे. एकूण २,४१,६००.

नॉब वायरींसकट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय, चाचांकडून पिटवरचे फोटो आणि लेखी घेतलंय. पोलीस ठाण्यात एक हवालदार हळूच म्हणाला अजून एक-दोघं आले तर गुन्हा दाखल होईल. तर पूर्व उपनगरात गेल्या वर्षभरात कुणी गोल नॉबवाली फोर बाय फोर पिकअप यार्डातून घेतली असेल त्याने आज खाली उतरून पुढचा जॉइंट आहे का बघा, आणि नसेल तर फोटो काढून मला कळवा. लाजू नका, मी दोन महिने लाजलो आणि तेवढ्यात त्याने अजून किती विकल्या देव जाणे.