एडिनबरातलं 'आडनावाचा इतिहास' छापून देणारं दुकान : ५ पैकी २

बाबा एल्फिन्स्टन कॉलेजचे. त्यांच्या पंचाहत्तरीला द्यायला म्हणून रॉयल माइल या तिथल्या जुन्या रस्त्यावरच्या एका दुकानातून 'एल्फिन्स्टन' आडनावाचा इतिहास छापून घेतला. २५ पौंड, दहा मिनिटांत हातात.

कागद सुरेख. जाड, चहात बुडवल्यासारखा रंग, खाली लाल लाखेची मोहोर. मानचिन्हाच्या ढालीवर काळी तिकोनी पट्टी आणि तिच्याभोवती रानडुकरांची तीन लाल मुंडकी, अगदी बरोबर काढलेली. पण मजकूर वाचला आणि जीव हळहळला. म्हणे, 'एल्फ' म्हणजे यक्ष, 'स्टोन' म्हणजे दगड, म्हणून यक्षाच्या दगडाजवळ राहणारे ते एल्फिन्स्टन!

दगडाचा इथे काही संबंध नाही. हे गावावरून पडलेलं आडनाव, आपल्या राजापूरकर-संगमनेरकरांसारखं. शहराच्या पूर्वेला ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन गाव आजही आहे. तेराव्या शतकातल्या कागदांत नावाचा शेवट 'टून' असा येतो. टून म्हणजे वस्ती. मी मुद्दाम बसने जाऊन आले. एकाच रस्त्याभोवतीचं कोळसाखाणींचं जुनं गाव. घराण्याच्या बुरुजाचा बराचसा भाग १९५५ मध्येच पाडला गेला.

ज्यांच्यामुळे या नावाला अर्थ आला ती माणसं तर कागदावर नाहीतच. १४९५ साली ॲबर्डीन विद्यापीठ उभारणारे बिशप विल्यम एल्फिन्स्टन नाहीत. १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट नाहीत. बाबांच्या कॉलेजला नाव त्यांचं. (मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला होतं ते त्यांच्या पुतण्याचं, १८५३ ते १८६० च्या गव्हर्नरांचं. २०१८ पासून ते प्रभादेवी.) ज्या कॉलेजात दादाभाई शिकवत होते, बाबासाहेब शिकले, त्याच्या नावाला दोन ओळी तरी हव्या होत्या.

आणखी एक सांगते. वर 'तुमच्या कुटुंबाची ढाल' असं छापलंय. स्कॉटलंडमध्ये ढाल आडनावाची नसतेच, एका माणसाची असते. लॉर्ड लायन, म्हणजे तिथले मानचिन्हांचे अधिकारी, यांच्या दफ्तरात तशी नोंद असते, आणि त्यामागे १६७२ चा कायदा आहे. आपलं आडनाव सापडलं म्हणून कौतुकाने ढाल विकत घेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

दुकानातला मुलगा नम्र होता. चुका दाखवल्या तेव्हा म्हणाला, संगणकात आहे तेच छापतो.

बाबांना शेवटी गावाच्या पाटीचा फोटो फ्रेम करून पाठवला. तो कागद माझ्या कपाटात आहे. मजकूर दुरुस्त करून देणार असतील तर मी पुन्हा २५ पौंड मोजीन.