हफ-न-पफ की ठोक ऑफसेट?

एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून संगणकाचं घड्याळ जुळवणारं तंत्र, गृहीत धरतं की पॅकेटला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरपर्यंत जायला-यायला सारखाच वेळ लागतो. जाताना ९, येताना ३ मिलिसेकंद लागले, तर फरकाच्या निम्मी, म्हणजे ३ मिलिसेकंदांची चूक घड्याळात गुपचूप बसते.

एनटीपी चालवणाऱ्या एनटीपीडी या प्रोग्रॅमचा हफ-न-पफ फिल्टर गेल्या काही तासांतला सर्वांत कमी विलंब लक्षात ठेवतो आणि त्यावरचा वाढीव विलंब एकाच दिशेचा मानून दुरुस्ती करतो. मोठं डाउनलोड चालू असताना झकास. पण लाइन मुळातच असमान असेल, तर किमान विलंबातही तोच फरक मुरलेला; मग फिल्टर काय करणार?

तिथे क्रोनी हा दुसरा एनटीपी प्रोग्रॅम बरा. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या ओळीत 'offset -0.003' (ऑफसेट, म्हणजे सेकंदांत दिलेली ठोक दुरुस्ती) लिहिलं की झालं. आकडा मात्र जीपीएस घड्याळाशी ताडूनच काढावा, अंदाजपंचे नको. पॅकेटचा रूट (मार्ग) बदलला की हाच आकडा अंगावर येतो.