बाळाच्या वरच्या अन्नासाठी खोक्यातील सिरियल, नागलीचे पीठ की फळांचे पाऊच?

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या बाजारात आज प्रामुख्याने तीन प्रकारचे तयार अन्न मिळते. औषधाच्या दुकानात खोक्यातील सिरियल असते, किराणा दुकानात आणि बचत गटांकडे नागलीचे सत्त्व किंवा मोड आणलेल्या धान्याचे पीठ असते, तर मोठ्या दुकानांत व ऑनलाइन फळे-भाज्यांच्या गराचे पाऊच मिळतात. अंगणवाडीतून घरी येणाऱ्या पाकिटाला पैसे पडत नाहीत, तरी निवड करताना तेही याच रांगेत ठेवून पाहिले पाहिजे.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात आणि तेवढ्या घरच्या मऊ वरण-भातातून तूप घालून सहज मिळतात. खरी उणीव लोहाची असते. जन्माच्या वेळी शरीरात साठलेले लोह याच सुमारास संपत येते, आईच्या दुधात ते फार थोडे असते आणि भाताची पेज किंवा वरणाचे पाणी यांतून तर जवळपास मिळतच नाही. म्हणून विकतच्या अन्नाची पहिली कसोटी त्यातील लोह ही असावी आणि दुसरी, तितकीच महत्त्वाची, वरून घातलेली साखर.

या दोन कसोट्यांवर खोक्यातील सिरियल एका बाबतीत उत्तम आणि दुसऱ्या बाबतीत संशयास्पद ठरते. त्यात लोह, जस्त आणि जीवनसत्त्वे मुद्दाम मिसळलेली असतात आणि किती मिसळली आहेत ते खोक्यावर छापलेले असते. ही खात्री घरच्या किंवा बचत गटाच्या पिठात मिळत नाही. मात्र आपल्याकडील नियमांनुसार गरजेपुरती साखर, एकूण कर्बोदकांच्या २० टक्क्यांच्या मर्यादेत, घालता येते, त्यामुळे कायद्याने निर्दोष असलेले खोकेही गोड असू शकते. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या सेरेलॅकच्या एका वाढणीत सरासरी जवळपास तीन ग्रॅम साखर असल्याचे आणि जर्मनी व ब्रिटनमध्ये तसेच उत्पादन साखरेविना विकले जात असल्याचे दाखवून दिले; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेस्लेने भारतात रिफाइंड साखर न घातलेले प्रकार आणण्याची घोषणा केली. दुकानात साखरेचे आणि बिनसाखरेचे असे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असू शकतात, म्हणून केवळ नाव सांगून खोके मागू नये. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तीत साखर, ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पूड) पहिल्या काही नावांत दिसले तर ते खोके परत ठेवावे. पहिल्या आठवड्यांत पाच धान्यांच्या मिश्रणापेक्षा एकाच धान्याचा प्रकार बरा, कारण बाळाला काही सोसले नाही तर ते नेमके काय हे कळते. शिवाय ज्या सिरियलमध्ये दुधाची भुकटी आधीच असते ते उकळून कोमट केलेल्या पाण्यातच कालवायचे असते. त्यात पुन्हा दूध घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती चुकीची आहे.

नागलीच्या बाबतीत सत्त्व आणि मोड आणलेले पीठ यांत फरक करणे फार गरजेचे आहे. सत्त्व काढताना भिजवलेले धान्य वाटून फडक्यातून गाळतात. उरतो तो मुख्यतः स्टार्च, आणि टरफलाबरोबर लोह व कॅल्शियम यांचा मोठा भाग चोथ्यात जातो. ते पचायला हलके असते हे खरे, पण केवळ त्यावर बाळ ठेवू नये. मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळलेले पीठ मला कितीतरी सरस वाटते. मोड येताना तयार होणाऱ्या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याची खीर कमी घट्ट होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते आणि लहान पोटाला अधिक अन्न मिळते. साक्री-नवापूरकडची नागली, थोडी मूगडाळ आणि घरचे तूप एवढ्यात उत्तम खीर होते. तिच्यात साखर नको आणि गूळही नको. एक वर्षापर्यंत मध तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. विकतच्या पिठाच्या पाकिटावर १४ अंकी अन्न-परवाना (FSSAI) क्रमांक, दळल्याची तारीख आणि घटक स्पष्ट छापलेले असावेत.

फळांच्या पाऊचबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रावेर-यावलची केळी वर्षभर मिळत असताना फळाचा शिजवलेला गर त्याहून महाग घेण्याचे कारण मला सापडत नाही. लांबच्या प्रवासात एखादा जवळ ठेवावा, पण बाळाला तोटीतून चोखू न देता चमच्यानेच भरवावे.

अंगणवाडीचा पूरक आहार सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी कॅलरी आणि प्रथिने यांच्या ठरावीक प्रमाणावर आखलेला असतो. पाकिटावरील घटक वाचावेत, गोड असल्यास त्याचा वाटा कमी ठेवावा. परंतु फुकट मिळते म्हणून ते गुरांपुढे टाकणे हे बाळाचे नुकसान आहे.

आई दिवसभर शेतावर किंवा नोकरीवर असेल आणि आजीच्या हातून बाळाचे जेवण होत असेल, तर बिनसाखरेच्या सिरियलचे एक खोके घरात असणे मी योग्य मानते. जिथे रोज ताजे शिजते तिथे फोडणी आणि तिखट घालण्यापूर्वीच बाजूला काढलेले घट्ट वरण, कुस्करलेला भात, मोड आणलेल्या नागलीची खीर आणि चालत असेल तर नीट शिजवलेले अंडे, हे अधिक चांगले. कोणतेही अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कालवलेले सिरियल तासाभराने पुन्हा भरवू नये, मग ते कितीही महाग असो.

लोहासाठीच खोके घ्यायचे असेल तर आधी आशाताईंना विचारावे, कारण ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचे सिरप देण्याची तरतूद आहे. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला लोह याहून आधी लागू शकते, आणि त्याची मात्रा बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायची असते.