पाच स्वार, एक फोड

माझं पहिलं रंगकाम दिवाळीच्या किल्ल्यावरचं. बाजारातून आणलेल्या मावळ्यांचे डोळे तिरळे असायचे, ते मी काडीनं नीट करायचो. चाळिशीनंतर तोच नाद धातूच्या चोपन्न मिलिमीटरच्या सैनिकांवर आला. हे सांगतोय कारण अडतीस हजार रुपये गेले ते या रंगाच्या नादापायीच.

लंडनच्या ‘ब्रिटन्स’ या खेळण्यांच्या कंपनीनं १८९३ मध्ये पोकळ ओतीव सैनिक काढले. साच्यात शिशाचा रस ओतायचा आणि पुरता गोठायच्या आत उरलेला उलटा करून काढून घ्यायचा. साच्याला धरलेली साल तेवढी राहते. शिसं कमी, म्हणून माल हलका आणि स्वस्त. शिशाचं हे काम १९६६ पर्यंत चाललं. त्यांच्या यादीतला सेट ६६ म्हणजे फर्स्ट बॉम्बे लान्सर्स. हे घोडदळ १८१७ सालचं, पुढे दुसऱ्या रेजिमेंटमध्ये मिसळलं, आणि फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेलं. पण खोक्यावर ‘बॉम्बे’ वाचलं की आपल्याकडच्या संग्राहकाला बाकी काही दिसत नाही. मला तरी दिसलं नाही.

हा सेट विकणारा ओळखीतून आलेला, बोलायला गोड. ‘मामांच्या घरातला माल आहे, त्यांना जाऊन वर्ष झालं, घर रिकामं करतोय.’ फोटो पाठवले ते सगळे समोरून. तळाचे मागितले तर म्हणाला, ‘साहेब, शंभर वर्षांचा रंग आहे, आडवं पाडलं की टवका उडेल.’ मला तेही पटलं. संध्याकाळी फोन: नागपूरचं एक गिऱ्हाईक तयार आहे, पण तुम्ही रसिक, म्हणून आधी विचारतो. मी यूपीआयवर दहा हजार बयाणा टाकला आणि दोन दिवसांनी उरलेले.

खोकं आलं. रंग काय सुरेख होता! पागोट्याच्या घड्यांत सावली, घोड्याच्या पुठ्ठ्यावर उजेड, डोळ्यांत बाहुलीसुद्धा. तासभर बघत बसलो. बायको म्हणाली, ‘तुमच्या हातचंच वाटतंय की.’ मी खूश झालो. खरं तर तिनं दोन शब्दांत निदान केलं होतं. ब्रिटन्सचे सैनिक खेळणी म्हणून रंगवले जायचे: चकचकीत सपाट इनॅमल, गालावर लाली, डोळ्याला एक ठिपका, संपलं. तिथे घडीघडीत सावली भरायला कोणाला वेळ होता?

शंका आली ती वजनानं. मटन स्ट्रीटवर, चोरबाजारात, मला पूर्वी ब्रिटन्सचाच, पाय तुटलेला एक जुना घोडा मिळाला होता. तो एका तळहातावर आणि नवा दुसऱ्यावर ठेवला. नवा जडशीळ, म्हणजे भरीव. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावली तर कानापासून खुरापर्यंत नवा जेमतेम मिलिमीटरनं बुटका. मूळ सैनिकावरून साचा काढून पुन्हा ओतलं की गार होताना धातू आकसतो, त्याचा हा हिशेब. मग कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पोटाखाली फिरवलं. काडी रंगली. ॲक्रिलिक, म्हणजे अलीकडचा रंग! खाली शिशाचा मळकट करडेपणा नाही, नवीकोरी चकाकी. खोक्याच्या लेबलचा कोपरा नखानं उचलला. वरून चहाच्या पाण्यानं पिवळा केलेला कागद आतून पांढराशुभ्र.

फोन केला. आवाज तोच गोड. ‘मी ओरिजिनल म्हटलं होतं का? मेसेज बघा.’ बघितले. लेखी फक्त ‘सेट ६६, पाच नग, उत्तम स्थिती’. मामा, शंभर वर्षं, ओरिजिनल, सगळं फोनवर. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. लाजेपोटी मी नऊ दिवस कोणाला बोललो नाही, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. असे पैसे वाटेत अडवायचे तर पहिले काही तासच खरे. माझे केव्हाच पुढे गेले होते.

त्यामुळे आता मी तळाचा आणि पोटाखालचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून, आणि काट्यावरचं वजन मागतो. ‘जुना, मूळ, पुन्हा न रंगवलेला’ हे लेखी मागतो. नाही म्हणाला तर विषय संपला. पुन्हा रंगवलेला माल वाईट नसतो, मी स्वतः रंगवतो. पण त्याची किंमत वेगळी, आणि तसं सांगून विकायचा असतो.

गेल्या महिन्यात तसेच पाच स्वार पुन्हा विकायला दिसले, दुसऱ्या नावानं, बेचाळीस हजारांना. या वेळी मामांच्या जागी आजोबा होते. फोटो मोठा करून बघा: पाचही घोड्यांच्या मागच्या डाव्या गुडघ्यावर मोहरीएवढा एकसारखा फोड आहे. साच्यात राहिलेला हवेचा बुडबुडा तो. रंग कितीही बदलला तरी तो तिथेच असेल.