दारावरचं 'गोल तोरण': आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये दारासाठी रीथ घरीच केली. आम्ही न्यू जर्सीत राहतो; पानगळ सुरू झाली की इथे दारोदारी ही गोल कडी दिसायला लागतात. मराठीत पुष्पचक्र म्हणावं तर मन भलतीकडेच जातं, म्हणून आमच्याकडे तिचं नाव 'गोल तोरण' पडलं. आठ महिने दारावर होतं, आता उतरवलंय. काय टिकलं आणि काय नाही, ते सांगते.

मला फळांची रीथच हवी होती. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये लुका डेला रोब्बिया आणि त्याच्या घराण्यातल्या शिल्पकारांनी झिलईदार मातीच्या शिल्पांभोवती पानाफळांच्या माळा घडवल्या. फळं लावलेल्या रीथला आजही त्यांचंच नाव आहे. खरी सफरचंदं लावायचा मोह झाला होता, पण अंगणात खारींचा सुळसुळाट. म्हणून सगळं कृत्रिम.

सांगाडा सुकलेल्या द्राक्षवेलीचा, 18 इंची. पाला लावल्यावर तो 24 इंचांपर्यंत जातो आणि 36 इंची दारावर बेताचा दिसतो. पाइनचे तुरे, थोडी कापडी पानं, तीन डाळिंबं, चार पेअर आणि लाल बेरीचे घोस घेतले. तुरे एकाच दिशेला कलते ठेवायचे, आधीच्याचा देठ पुढच्याने झाकायचा. वेणी गुंफताना करतो तसंच. त्या कामात दुपार कशी गेली कळलं नाही.

अर्धं कडं मी 22 गेजच्या हिरव्या तारेने बांधलं. मग संध्याकाळ झाली, कंटाळा आला आणि उरलेलं ग्लू गनने चिकटवलं. दोन्हींतला फरक पुढे आठ महिने डोळ्यांसमोर होता. जानेवारीच्या कडाक्यात गोंद कडक झाला आणि दार जरा जोरात लागलं की एखादं फळ टपकन पायरीवर पडायचं. आमचं दार दक्षिणेकडे, त्याच्या बाहेर काचेचं दुसरं दार. मार्चमध्ये ऊन चढलं तशी दोन दारांमधली जागा भट्टीसारखी तापायला लागली आणि चिकटवलेली पानं मऊ पडून खाली घसरली. तेव्हापासून काचेचं दार उघडंच अडकवून ठेवलं. तारेचा भाग मात्र अजूनही केला तसा आहे. एक फळ हललं नाही.

रंगाचंही सांगते. कापडी पानं सगळ्यात आधी विटली, लाल बेरी फेब्रुवारीतच फिकट गुलाबी झाल्या. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या पाइनच्या काड्या हिरव्यागार राहिल्या. पातळ पट्ट्या कापून केलेल्या स्वस्त तुऱ्यांच्या काड्या गळून पायपुसण्यावर पडत राहिल्या. रंग टिकावा म्हणून मी उन्हापासून जपणारा स्प्रे मारला, तर दोन पेअरना खड्डे पडले. आत थर्माकोल होता. वरचा रंग जिथे खरवडला होता तिथून स्प्रेतलं द्रावक शिरलं आणि थर्माकोल विरघळला. आता स्प्रे मारायच्या आधी फळ पालथं करून देठाशी पांढरं काही दिसतंय का, ते बघते.

एप्रिलमध्ये डाळिंबांच्या मागे काड्या जमू लागल्या. हाउस फिंचची जोडी. नराचं डोकं लालसर, मादी साधी तपकिरी. हे मुळातले पश्चिमेकडचे पक्षी. 1940च्या सुमाराला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर पिंजऱ्यातून सोडलेल्यांची ही इकडची वंशावळ. चार फिकट निळी अंडी, टोकाला बारीक ठिपके. 1918च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याप्रमाणे अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवता येत नाही. कायदा नसता तरी माझा हात धजला नसता. महिनाभर आम्ही गॅरेजमधून ये-जा केली. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "अगं, दाराशी बाळंतपण आहे, जरा हळू बोला." पुढचे कितीतरी दिवस आम्ही खरंच हळू बोलत होतो.

घरटं तारेच्या बाजूला होतं, हे माझं नशीब. चिकटवलेल्या बाजूला असतं तर काय झालं असतं, या विचाराने अजून जीव वरखाली होतो.

मेमध्ये पिल्लं उडाली. रिकामं घरटं जपून ठेवणंही त्या कायद्यात बसत नाही, म्हणून ते कुंपणाच्या झुडपाखाली ठेवलं. फळं कोमट साबणाच्या पाण्याने धुतली, चिकटवलेला भाग पूर्ण उसवला. तारेचं नवं रीळ आणून ठेवलंय. बेरी या वेळी गडद जांभळ्या घेईन.