टेपखाली कलम नव्हतंच

आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. गच्चीवर गुलाबाचे लाड करणं परवडत नाही, म्हणून गेली नऊ वर्षं मी अडेनियम लावते. हे झाड मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. पाणी फुगलेल्या बुंध्यात साठवून ठेवतं. उन्हाळ्यात बाकीच्या कुंड्या माना टाकतात तेव्हा हे फुलतं. माझ्याकडे अकरा आहेत, सगळी शेजारच्या काकूंच्या एकाच झाडाच्या बियांची आणि सगळी साधी गुलाबी.

दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या, पिवळ्या, जांभळट अडेनियमचा मोह मला फार दिवसांचा. थायलंड आणि तैवानच्या बागवानांनी असे शेकडो वाण तयार केलेत. त्यांची बी लावून तसंच फूल मिळेल याची खात्री नसते, कलमच घ्यावं लागतं. एवढं ठाऊक असूनही फसले, म्हणून हे लिहायला बसले.

गेल्या नोव्हेंबरात बागप्रेमींच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने फोटो टाकले. मी विचारलं, "निळा आहे का?" मुद्दामच विचारलं. निळं अडेनियम जगात नाही. जो 'आहे' म्हणेल त्याला तिथेच सोडायचं, ही माझी नेहमीची कसोटी. तर तो म्हणाला, "ताई, निळं नसतंच. काळं म्हणतात तेही खरं गडद लालच असतं. असली बी विकणारे सगळे चोर आहेत, सावध राहा." झालं, माझा विश्वास बसला. दुसऱ्याला चोर म्हणणारा स्वतः साव असतो, असं मी कसं धरून चालले कोण जाणे. परीक्षा मी घेतली आणि पेपर त्याला आधीच फुटलेला होता.

माणूस बोलायला गोड, आणि माहितीही पक्की. माती कशी असावी तर निम्मी तरी भरड: वाळू, विटांचे तुकडे, बारीक खडी. झाडाचा चीक विषारी, आफ्रिकेत तो शिकारीच्या बाणांना लावत, तेव्हा छाटणीनंतर हात धुवा. हे सगळं खरं आहे. चार कलमी रोपं, 800 रुपयांना एक. 3,200 रुपये आधी क्यूआर कोडवर. दुसऱ्या दिवशी पॅकिंग आणि कुरियरचे म्हणून आणखी 450. तेही दिले. घरी 'ह्यांनी' विचारलं तेव्हा मी दोन हजारच सांगितले होते.

आठवड्याने खोकं आलं. रोपं बिनपानांची, मुळं उघडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. यात वावगं काहीच नव्हतं. अडेनियम असंच पाठवतात, त्याला प्रवास सोसतो. पण खरी मेख इथेच आहे. पान नाही, फूल नाही, मग पिवळं कुठलं आणि जांभळं कुठलं हे कोण सांगणार? प्रत्येक रोपाला सुतळीने नावाची चिठ्ठी बांधलेली होती, तिच्यावर विश्वास ठेवायचा. आणि प्रत्येक खोडावर, बुंध्याच्या चार बोटं वर, टेपचे घट्ट वेढे.

"ताई, तीन महिने टेप काढू नका, सांधा उघडेल. आत्ता थंडी आहे, झाड झोपलेलं असतं. फुलं उन्हाळ्यातच." थंडीत अडेनियम पानं गाळून सुस्तावतं हेही खरंच. खऱ्याच्या आडून त्याने सहा महिने मिळवले. टेपबद्दल मात्र तेव्हाच डोकं चालायला हवं होतं. अडेनियमचं कलम तीन-चार आठवड्यांत जुळतं. नीट नर्सरीवाला ते जुळल्यावर, टेप काढून, वर फुटवे आले की मगच विकतो. टेपसकट रोप येतंच कशाला?

फेब्रुवारीत टेप सोडली. खोडावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण होती, आणि मी खूशही झाले, कारण पाचर कलमाची खूण तशीच दिसते. मग रोप फिरवून पाहिलं. मागच्या बाजूला साल सलग! कलम म्हणजे खोड आरपार कापून त्यावर दुसरी काडी बसवलेली असते. सांध्याची रेघ भोवताली फिरायला हवी, खालच्या-वरच्या सालीचा रंग किंवा जाडी जराशी तरी वेगळी दिसायला हवी. इथे कोणीतरी ब्लेडने फक्त पुढून साल चिरली होती आणि वर टेप गुंडाळली होती. चारही रोपांना तेच. म्हणजे कलम नव्हतंच. बियांपासून केलेली साधी रोपं, जशी मी दर पावसाळ्यात लोकांना फुकट वाटते.

चौथ्याच्या बुंध्याला बोट लावलं तर ते आत गेलं. आतून सडलेला, आणि सडलेल्या जागी मेण भरून वरून माती चोपडलेली. कुंडीत लावताना मला ते दिसलं नव्हतं. अडेनियम घेताना बुंधा सगळीकडून दाबून बघायचा, तो बटाट्यासारखा टणक लागला पाहिजे. मी फक्त वरून बघितला.

फोन लावला तर बंद. व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटोही दिसेना, बहुतेक मला ब्लॉक केलं असावं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण तिथे जितक्या लवकर जाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त, आणि मी गेले तीन महिन्यांनी. पैसे आले नाहीत. तुमच्यावर वेळ आली तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मग समोरच्याशी भांडा. मी उलट केलं. फोन बंद होण्याआधी मेसेजवर भांडले, तेव्हा त्याने त्याच्या बाजूचे ताजे मेसेज पुसून टाकले.

आता कोणी कलम विकत असेल तर मी एवढंच म्हणते: हेच रोप फुलावर असताना, सांधा चहूबाजूंनी दिसेल असा व्हिडिओ कॉल करा. खरा नर्सरीवाला कंटाळतो, पण करतो. गावातल्या एका नर्सरीवाल्याने भर दुपारी कुंडी फिरवून फिरवून दाखवली. त्याच्याकडून घेतलेलं पिवळं या मे महिन्यात फुललं. 650 रुपये, आणि फुलासकट घरी आणलं.

उरलेल्या तीन चिठ्ठीवाल्यांना एप्रिलात फुलं आली. 'पिवळं तिहेरी' गुलाबी निघालं. 'जांभळं' गुलाबी निघालं. तिसरंही गुलाबीच.

परवा लातूरच्या मैत्रिणीने तिच्या ग्रुपवरचा एक मेसेज मला पाठवला आणि विचारलं, "घेऊ का गं?" नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो तेच. खाली लिहिलं होतं: निळं अडेनियम विकणाऱ्यांपासून सावध राहा.