घरची बिअर की स्ट्रॅटेजी बोर्ड गेम? वेळ एकालाच असेल तर

हे दोन्ही छंद साधारण एकाच जातीच्या माणसाला लागतात. ज्याला चोवीस पानांचं रूलबुक वाचायला मजा येते तोच मॅशचं, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात मुरवतानाचं, तापमान ६५ डिग्री ठेवावं की ६८ यावर तासभर वाद घालू शकतो. त्यामुळे "दोन्ही करायचंय पण वेळ एकालाच आहे" म्हणणारे बरेच भेटतात. मी काही वर्षं दोन्ही दगडांवर पाय ठेवून बघितले आणि मग एका बाजूला झुकलो, कुठल्या ते पुढे कळेलच, पण दुसऱ्या बाजूवर अन्याय होणार नाही एवढं बघतो. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि मीपल म्हणजे गेममधली छोटी सोंगटी, एवढं माहीत असलं की पुरे.

एक गोष्ट आधीच उरकून घेऊ. घरी बिअर करण्याचा कायदा जागोजागी वेगळा आहे. ब्रिटनमध्ये लायसन्सची अट १९६३ मध्ये गेली, अमेरिकेत केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने, आणि काही ठिकाणी आजही चालत नाही. तुमच्याकडे चालत नसेल तर प्रश्नच मिटला, गेम घ्या आणि मजा करा.

आता वेळेचं. लोक म्हणतात दोन्हीकडे सारखाच जातो, मला तसं वाटत नाही. धान्यापासून सुरुवात करून बिअर करायची तर पाणी तापवणं, तासभर मॅश, तासभर उकळणं, मग वर्ट (मॅशमधून निघालेलं गोड पाणी) वीस डिग्रीपर्यंत थंड करणं, असा अर्धा दिवस आरामात जातो. त्यानंतर एक-दोन आठवडे फर्मेंटेशन, म्हणजे यीस्ट घालून आंबवणं, मग बॉटलिंगची एक संध्याकाळ, मग बाटलीत गॅस तयार व्हायला अजून दोन आठवडे. म्हणजे आज केलेल्या कामाचा पहिला ग्लास महिन्याने. बोर्ड गेमचं तसं नाही, संध्याकाळी बॉक्स उघडला की रात्री निकाल हातात. या बाबतीत गेम सरळ सरळ जिंकतो, मी वाद घालणार नाही.

आणि गेममध्ये डोक्याला जो चाळा मिळतो तो बिअरमध्ये नाही, हेही कबूल. फ्रीडमन फ्रीझेचा २००४ चा पॉवर ग्रिड घ्या, शहरं जोडून त्यांना वीज पुरवायचा गेम. ज्याची शहरं सगळ्यात जास्त, त्याला इंधन सगळ्यात शेवटी मिळतं, तोपर्यंत बाकीच्यांनी स्वस्तातला कोळसा उचललेला असतो आणि तुमच्या वाट्याला महागडा उरतो. त्यामुळे मुरलेले खेळाडू पैसे असूनही शहरं जोडत नाहीत, मुद्दाम मागे राहतात आणि शेवटच्या फेरीत एकदम उडी मारतात. समोरचा मागे पडलाय की मागे राहिलाय, हे ओळखण्यात जी मजा आहे ती मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पोत्यात कुठून येणार.

बिअरची मजा वेगळी, ती संथ आहे. तीच रेसिपी, तेच हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), तेच यीस्ट, फक्त मॅश ६५ ऐवजी ६८ वर केला तर यीस्टला न खाता येणारी साखर जास्त उरते आणि बिअर अंगाने जाड लागते, ६५ वर केली तर कोरडी, हलकी. हे पुस्तकात वाचून कळतं पण जिभेला कळतं तेव्हाच, जेव्हा दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून प्यायला मिळतात. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) १.०५० वरून १.०१२ वर आला म्हणजे साधारण पाच टक्के अल्कोहोल, हा हिशोब पहिल्यांदा स्वतःच्या बादलीवर जुळला की माणूस उगाचच घरातल्या सगळ्यांना ती काचेची नळी दाखवत फिरतो (कोणाला काही पडलेली नसते).

पैसे आणि जागा यावर फार बोलण्यासारखं नाही. दोन्हीकडे कपाट भरतं. गेम नीट ठेवला तर पुढे विकता येतो, ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली कोणी घेत नाही. बास.

आता कटकटी. बिअरची कटकट म्हणजे धुणं. वर्ट थंड झाल्यावर त्याला जे जे लागणार ते सगळं आधी स्वच्छ आणि मग सॅनिटाइझ, बादली, नळ, पाइप, चमचा, हायड्रोमीटरसुद्धा. उकळताना लक्ष हललं की फेस वर येऊन शेगडीवर सांडतो आणि तो वाळला की खरवडून काढावा लागतो. बाटल्यांचं तर विचारूच नका, तळाशी यीस्टचा थर वाळून बसतो, जुन्या लेबलचा गोंद निघत नाही. वरून घरातला क्लोरीनवाला ब्लीच वापरून नीट खळबळला नाही तर बिअरला औषधासारखा वास येतो तो येतोच. जे लोक हा छंद सोडतात ते बहुतेक धुण्याला कंटाळून सोडतात असं माझं निरीक्षण आहे. पण एक आहे, हे सगळं मी एकटा करू शकतो, रात्री अकराला, कानात काहीतरी लावून. ग्लासात ओतली की लगेच बाटली गरम पाण्याने खळबळून उलटी ठेवायची सवय लावली तर निम्मा त्रास तिथेच जातो.

गेमची कटकट धुऊन जात नाही. ती म्हणजे माणसं.

हसू नका, माझं सगळं घोडं इथेच अडलं. ग्रुपवर पोल टाकायचा, शुक्रवार की शनिवार. दोघं शुक्रवार म्हणतात, एक शनिवार म्हणतो, चौथा अंगठा दाखवतो आणि तो अंगठा नक्की कशाला आहे हे कोणालाच कळत नाही. हो-नाही करता करता शनिवार ठरतो, दुपारी मेसेज येतो की पोराला ताप आहे, आता त्याला काय बोलणार, आणि चौघांसाठी मांडलेला गेम तिघांवर येतो. किंवा उलट, "एका मित्राला आणू का, तो पण बुद्धिबळ चांगला खेळतो". आणा ना. मग सगळे नियम पहिल्यापासून, पाऊण तास, आणि मागच्या वेळी खेळलेला माणूसही म्हणतो की बरं झालं, मी पण विसरलोच होतो.

एवढ्याने मी गेम सोडले नसते. खरा त्रास असा की जड गेम पहिल्या खेळात उघडतच नाही. ब्रास बर्मिंगहॅम (२०१८) घ्या, माझा सगळ्यात आवडता बॉक्स. गेमचे दोन भाग, आधी कालवे मग रेल्वे. पहिल्यांदा खेळणारा कर्ज घ्यायला घाबरतो, कारण कर्ज घेतलं की उत्पन्न तीन पायऱ्या खाली येतं आणि ते डोळ्यांना बोचतं. पण त्या गेममध्ये कर्ज टाळणं म्हणजे चप्पल झिजू नये म्हणून अनवाणी चालणं. मग कालव्यांचा भाग संपतो, बोर्डवरचे सगळे कालवे आणि पहिल्या लेव्हलचे कारखाने उचलले जातात, आणि त्याचा चेहरा उतरतो. नियम सांगताना हे सांगितलेलं असतं, पण सांगून कळत नाही, स्वतःच्या टाइल्स उचलल्या गेल्या की कळतं. दुसऱ्या खेळात तोच माणूस पहिल्याच फेऱ्यांमध्ये कर्ज घेतो, दुसऱ्याचा कोळसा वापरतो, समोरच्याची बिअर पळवतो (हो, त्या गेममध्येही माल विकायला बिअर लागते), आणि तेव्हा कुठे टेबलावर खरा गेम सुरू होतो. तर तो दुसरा खेळ, त्याच चार माणसांबरोबर, पहिला विसरायच्या आत, हा माझ्या नशिबी फारच क्वचित आला. प्रत्येक वेळी नवीन चौकडी, प्रत्येक वेळी पहिलाच खेळ. खोलीसाठी घेतलेला गेम मी कायम उथळ पाण्यातच खेळत राहिलो.

यावर लोक सोलोचा, म्हणजे एकट्याने खेळण्याचा, उपाय सांगतात. करून बघितला. टेराफॉर्मिंग मार्स, मंगळ राहण्याजोगा करायचा गेम, एकट्याने खेळता येतो, चौदा जनरेशनमध्ये (फेऱ्यांमध्ये) ऑक्सिजन १४ टक्के, तापमान अधिक ८ आणि नऊ महासागर पूर्ण करायचे. कोडं म्हणून चांगलं आहे, पण माझ्या आधी कोणी काही हिसकावून घेणार नसेल तर मला ती धाकधूक येत नाही. बोर्ड गेम अरीना या वेबसाइटवर ऑनलाइन खेळता येतं, माणसंही भरपूर मिळतात, फक्त दिवसभर स्क्रीनसमोर बसून रात्री परत स्क्रीनच. ज्यांना चालतं त्यांना चालतं. मात्र तुमच्या घरातच एक पक्का भिडू असेल, नवरा, बायको, भाऊ, कोणीही, तर माझा सगळा मुद्दा कोसळतो हे प्रामाणिकपणे सांगतो. मग ट्वायलाइट स्ट्रगलसारखा दोघांचा गेम घ्या, त्याच माणसाशी पुन्हा पुन्हा खेळा आणि हे पुढचं वाचूही नका.

यीस्टला गुरुवारी जमेल का असं विचारावं लागत नाही. वीस डिग्रीच्या आसपास ठेवलं की साधारण दिवसभरात एअरलॉक (बादलीतला गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची झडप) बुडबुड बोलायला लागतो, तुम्ही घरी असा नसा. बॉटलिंगचा रविवार हुकला तर पुढचा आहे, एल (खोलीच्या तापमानाच्या आसपास आंबणारी बिअर) आठवडाभर जास्त बादलीत राहिली म्हणून बिघडत नाही. आणि बाटली उघडायला लोक येतात तेव्हा त्यांना काही शिकवावं लागत नाही, एखादा तासाभरात उठून गेला तरी मागे कोणाचा डाव मोडत नाही. ज्या माणसांना मी गेमसाठी महिनोन्‌महिने जमवू शकलो नाही, तीच माणसं नवीन बॅच झाली म्हटल्यावर न बोलावता येतात. यात माझा थोडा अपमान आहे, पण ठीक आहे.

दुसरी बाजूही सांगतो. गेम वाईट निघाला तर एक संध्याकाळ जाते, बॅच आंबट झाली तर वीस लिटर मोरीत ओतावी लागते आणि त्या दिवशी घरात कोणाशी बोलावंसं वाटत नाही. हायड्रोमीटर दोन-तीन दिवस एकाच आकड्यावर थांबल्याशिवाय बाटल्या भरल्या तर आतल्या गॅसने त्या फुटू शकतात, काचा उडवत, हे मजेत घेण्यासारखं नाही. आणि घरात कायम बिअर असली की पिणं वाढतं. कमी करायची असेल तर सरळ गेम घ्या. मी पाच लिटरच्या बॅच करतो, त्याला हेही एक कारण आहे.

तर बिअरकडे कल असेल तर मॉल्ट एक्स्ट्रॅक्टने (मॅश करून आटवलेल्या तयार पाकाने किंवा पावडरीने) सुरू करा, मॅश नंतर. लहान बॅच, एल यीस्ट, आणि बरा थर्मामीटर, बाकी वस्तू जमतील तशा. लागरच्या (थंडीत आंबणाऱ्या बिअरच्या) नादी इतक्यात लागू नका, तिला दहा-बारा डिग्री सलग लागतात आणि त्यासाठी वेगळा फ्रिज अडकतो. गेमकडे कल असेल तर बॉक्स घेण्याआधी चार नावं कागदावर लिहा, त्यातले दोघं गेल्या महिन्यात तुमच्याकडे येऊन गेलेत का ते बघा, नसतील तर दोघांचा गेम घ्या. आणि दोन्ही एकाच संध्याकाळी जमवायचं असेल तर ग्लास टेबलावर नको, बाजूच्या स्टुलावर. बिअर सांडलेलं कार्ड वाळल्यावर फुगतं आणि मग पत्ते पिसताना ते कुठलं आहे हे सगळ्यांनाच कळतं.